शून्य क्रमांकाचा फोटो

मी बँकेत लागलो १९८३ साली. तेव्हा शाखेत संगणक नव्हता. काउंटरच्या मागे लाकडी खणांचं एक कपाट होतं आणि त्यात खातेदारांच्या नमुना सह्यांची कार्डं क्रमाने लावलेली असत. चेक आला की कार्ड काढायचं, दोन्ही शेजारी शेजारी धरायचं आणि सही जुळते का ते बघायचं. अक्षर वाचायचं नाही, वळण बघायचं, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलेलं.

एकदा एक निवृत्त शिक्षक पेन्शनचे बाराशे रुपये काढायला आले. चेकवरची सही थरथरलेली, शेवटचा फराटा अर्ध्यावरच तुटलेला. कार्डावरची सही सतरा वर्षांपूर्वीची, ठसठशीत, मास्तरी. मी 'सही जुळत नाही' म्हणून चेक परत केला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, चेक घडी करून खिशात ठेवला आणि काही न बोलता निघून गेले. ते गेल्यावर आमचे हेडकॅशियर म्हणाले, "साहेब, गेल्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. सही तीच आहे हो, हात बदललाय." मी शिपायाला मागे पाठवलं, पण त्यांची एसटी सुटली होती. ते चार दिवसांनी परत आले. पैसे पत्नीच्या औषधासाठी हवे होते, हे तेव्हा कळलं. मी माफी मागितली, नवं कार्ड भरून घेतलं. ते मला रागाने एक शब्दही बोलले नाहीत, आणि तेच मला आजही लागतं.

त्या दिवशी माझं काय चुकलं? मी फक्त 'जुळते की नाही' एवढंच विचारलं. कुठे बदलली, किती बदलली, एकदम बदलली की हळूहळू, हे विचारलंच नाही. विचारलं असतं तरी उत्तर मिळालं नसतं. सतरा वर्षांपूर्वीचं एक कार्ड आणि आजचा एक चेक, मधलं काहीच माझ्याकडे नव्हतं.

हे सगळं आठवायला कारण घडलं दोन वर्षांपूर्वी. माझी भाची एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. "मामा, तुम्ही कादंबऱ्यांत माणसं मोडताना दाखवता, एकदा धातू मोडताना बघायला या," असं तिने बोलावलं म्हणून गेलो. प्रयोगशाळेत उंच यंत्राच्या दोन जबड्यांमध्ये ॲल्युमिनियमची वीतभर पट्टी धरलेली होती. पट्टीला पांढरा, चकाकी नसलेला रंग दिलेला आणि त्यावर काळ्या रंगाचे बारीक शिंतोडे उडवलेले. दहीभातावर मोहरीची फोडणी पडावी तशी ती दिसत होती. समोर तिपाईवर दोन कॅमेरे आणि दोन प्रखर दिवे.

"हा शून्य क्रमांकाचा फोटो," भाची म्हणाली. "भार यायच्या आधीचा. हा नीट आला नाही तर पुढचे पाचशे फोटो वाया."

यंत्र सुरू झालं. मी चष्मा लावून पट्टीकडे टक लावून बघत होतो. मला काहीही दिसेना. शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर मात्र पट्टीचं चित्र आधी निळं होतं, मग हिरवं झालं, मग पिवळं, आणि मधल्या भागात एक तिरपा लाल पट्टा उमटू लागला. भाचीने त्या लाल पट्ट्यावर बोट ठेवलं. "मामा, इथे तुटेल." पट्टीवर त्या जागी तोवर मला साधा ओरखडाही दिसत नव्हता. थोड्याच वेळात फाडकन आवाज झाला आणि पट्टी तिथेच तुटली.

या तंत्राला इंग्रजीत 'डिजिटल इमेज कोरिलेशन' म्हणतात, आणि प्रयोगशाळेतले लोक नुसतं 'डीआयसी'. भाचीने ते मला समजावलं ते माझ्या जुन्या धंद्याच्या भाषेत. फोटो म्हणजे संगणकाच्या लेखी आकड्यांचा तक्ता. प्रत्येक बिंदूला शून्य ते २५५ यांपैकी एक आकडा: शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा, मधले सगळे राखाडी. संगणक शून्य क्रमांकाच्या फोटोवर छोटे छोटे चौकोन आखतो. समजा चौकोन ३१ बिंदू रुंद आणि ३१ बिंदू उंच असेल, तर त्यात ९६१ आकडे आले. शिंतोडे वेडेवाकडे असल्यामुळे कुठल्याही दोन चौकोनांतली आकड्यांची मांडणी सारखी नसते. ती त्या चौकोनाची सही. मग पुढच्या फोटोत संगणक हीच सही शोधतो. सही जरा ताणली असेल, कलली असेल, तिरकी झाली असेल, हेही गृहीत धरून शोधतो. सापडली की आधी कुठे होती आणि आता कुठे आहे, यातला फरक म्हणजे त्या जागेची हालचाल. सगळं नीट जमलं तर फोटोतल्या एका बिंदूच्या शंभराव्या भागाइतकी हालचालही कळते.

पण नुसती हालचाल म्हणजे इजा नव्हे. लोकलचा अख्खा डबा दादरहून ठाण्याला गेला म्हणून आतल्या कुणाचं काही बिघडत नाही. शेजारी शेजारी उभ्या दोघांमधलं अंतर बदलतं तेव्हा कुणाचा तरी खांदा दुखतो. तसंच धातूचं. शेजारचे दोन चौकोन एकमेकांपासून किती लांब गेले किंवा जवळ आले, ते मूळच्या अंतराने भागायचं. त्या गुणोत्तराला पाठ्यपुस्तकात 'विकृती' म्हणतात. शब्द ऐकायला भलताच आहे. पण मूळ आकृती बदलली एवढाच त्याचा अर्थ, आणि मूळ आकृती ठाऊक नसेल तर विकृती मोजताच येत नाही.

वस्तू ताणली की लांबते, आणि मर्यादेत असेपर्यंत भाराच्या प्रमाणात लांबते, हे रॉबर्ट हूकने सतराव्या शतकात सांगितलं. शोध दुसऱ्याने पळवू नये म्हणून त्याने १६७६ साली तो नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि दोन वर्षांनी उलगडून दाखवला. मोजायचं कसं हा प्रश्न मात्र पुढे खूप काळ छळत राहिला. १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एक युक्ती काढली. बारीक तार वस्तूला चिकटवायची. वस्तू लांबली की तारही लांबते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि तो मोजता येतो. रूज भूकंपात पाण्याच्या उंच टाक्यांचं काय होतं याचा अभ्यास करत होता. हे 'स्ट्रेन गेज' आजही जगभर वापरतात आणि ते फार अचूक असतात. पण ते चिकटवलं तिथलंच सांगतात. शाखा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरने एकच खातेवही उघडावी, तसं. घोटाळा नेमका शेजारच्या वहीत असू शकतो.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात पीटर्स, रॅन्सन, मायकेल सटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोटोतल्या आकड्यांवरून हालचाल काढण्याची पद्धत उभी केली. पुढे १९९०च्या दशकात दोन कॅमेऱ्यांची जोड आली. आपल्याला दोन डोळ्यांमुळे खोली कळते, तशी पृष्ठभाग पुढे आला की मागे गेला हेही त्यामुळे कळू लागलं. आज विमानाच्या पंखापासून हाडाच्या तुकड्यापर्यंत अनेक गोष्टींवर हे शिंतोडे उडवले जातात. 'नासा'ने २०११ साली अलाबामातल्या हंट्सव्हिल इथे ॲल्युमिनियम आणि लिथियमच्या मिश्रधातूचा सुमारे साडेआठ मीटर व्यासाचा आणि सहा मीटर उंचीचा पोकळ नळा घेतला, त्यावर काळे-पांढरे ठिपके रंगवले आणि जवळजवळ दहा लाख पौंडांचा भार देऊन तो मुद्दाम चिरडला. ठिपक्यांवर कॅमेरे रोखलेले होते. रॉकेटची भिंत नेमकी कधी आणि कशी दुमडते, याचे जुने नियम १९६०च्या दशकातले होते आणि त्यांत सावधगिरी म्हणून बरंच जास्तीचं वजन धरलेलं होतं. ती सावधगिरी खरोखर किती हवी, हे त्यांना मोजून ठरवायचं होतं.

मला यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. मोजमाप फक्त धोका दाखवत नाही, नसलेली भीतीही काढून टाकतं. आणि इथे मी आमच्या सोसायटीकडे येतो.

आमची इमारत १९८८ सालची. खाली पार्किंग, वर चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. आमच्याकडे जिन्याच्या भिंतीला एक भेग होती, दुसऱ्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत, खांबाच्या कडेकडेने गेलेली. त्या भेगेने सोसायटीचे दोन पक्ष पाडले. एका पक्षाचं म्हणणं, इमारत कोसळणार, आजच बिल्डर बोलवा आणि पाडा. दुसऱ्याचं म्हणणं, प्लास्टर करा, रंग द्या, काही होत नाही. पहिल्या पक्षात वाढत्या कुटुंबांची मंडळी होती, त्यांना मोठी जागा हवी होती. दुसऱ्यात बहुतेक म्हातारे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू सभेत एकदाच बोलल्या. "भाऊ, तीन वर्षं भाड्याच्या घरात राहा म्हणता. मी अठ्ठ्याहत्तरची. नव्या घराची किल्ली घ्यायला मी असेन का, ते सांगा." त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं, म्हणून सगळे आणखी मोठ्याने बोलू लागले.

बँकेत पस्तीसहून अधिक वर्षं काढल्यावर मला एक कळलंय. वहीत आकडा नसला की ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. आमच्या सभेतही तेच चाललं होतं. कुणाला घराची गरज, कुणाला मरणाची धास्ती, आणि दोघेही बोलत होते भिंतीबद्दल. मधल्या काळात कमिटीने ठरवलं की ऑडिटवाले येण्याआधी जिना आणि पार्किंग रंगवून घ्यावं. पाहुणे येणार म्हणून घर आवरतात ना, तसं! मी खजिनदार होतो. मी रंगाच्या बिलावर सही करायचं नाकारलं. त्यावरून थोडं वाजलं.

भाचीला फोन केला. ती रविवारी आली. भेगेच्या दोन्ही बाजूंना तिने पक्क्या काळ्या शाईने ठिपके काढले, शेजारी मोजपट्टी चिकटवली आणि जमिनीवर तिपाईच्या तीन पायांच्या खुणा केल्या. "दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी सातला, याच जागेवरून फोटो. वेळ बदलायची नाही, उन्हाने भिंत फुगते. आणि मामा, हे काही डीआयसी नाही हं. त्याची गरीब चुलतबहीण म्हणा." पूर्वीचे गवंडी भेगेवर काचेची पट्टी चिकटवत. भेग हलली की काच तडकते. आमचं काम त्याच जातीचं, फक्त काच 'हो' किंवा 'नाही' सांगते आणि फोटो 'किती' ते सांगतो. मग खाली पार्किंगमध्ये फिरताना भाचीने एका कोपऱ्यातल्या खांबापाशी थांबून नखाने रंग खरवडला. तिथे केसाएवढी उभी रेघ होती. आमच्यापैकी कुणीही ती कधी बघितली नव्हती. "हिचेही घ्या," ती म्हणाली.

चौदा महिने मी फोटो काढले. जिन्यातली भेग थंडीत किंचित उघडायची, नंतर मिटायची आणि वर्ष फिरून आलं तेव्हा होती तिथेच आली. वीटकाम आणि काँक्रीटचा खांब जिथे भेटतात तिथे अशी भेग पडते, दोन्ही पदार्थ आपापल्या गतीने फुगतात-आकसतात, असं नंतर आलेल्या इंजिनियरांनी सांगितलं. पार्किंगमधली रेघ मात्र मिटली नाही. ०.२ मिलिमीटरची ती ०.८ पर्यंत गेली, आणि प्रत्येक महिन्याला पुढेच गेली. इंजिनियरांनी खांबावर हातोडी वाजवली तर पोकळ आवाज आला. प्लास्टर उतरवल्यावर आत सळया गंजून फुगलेल्या दिसल्या. गंज मूळ लोखंडापेक्षा काही पट जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडत जातो. लोखंडी टेकू लावून तो खांब आणि आणखी तीन खांब दुरुस्त करून घेतले.

म्हणजे भांडत होतो ते सगळेच चुकीच्या भेगेवर. इमारतीला धोका आहे म्हणणारे बरोबर होते, आणि जिन्यातली भेग निरुपद्रवी आहे म्हणणारेही. ज्या खांबावर आम्हा सोळा घरांचा भार होता, त्याला मात्र आम्ही रंग देणार होतो. काकू आज घरातच आहेत. पुढेमागे इमारत पाडावीही लागेल, मी ते नाकारत नाही. पण तेव्हा सभेपुढे माझी फोटोंची वही असेल.

आता कुणी म्हणेल, आजोबांना नवं खेळणं सापडलंय. म्हणून या तंत्राच्या मर्यादाही सांगतो. कॅमेऱ्याला पृष्ठभाग दिसतो, आतलं दिसत नाही. रेघ उमटेपर्यंत आमच्या खांबातला गंजही त्याला दिसला नसता. काँक्रीट ताणाखाली तडकतं तेव्हा ते मीटरमागे साधारण एक दशांश मिलिमीटरच लांबलेलं असतं. एवढी सूक्ष्म विकृती पकडणं प्रयोगशाळेतल्या चांगल्या कॅमेऱ्यांनाही कठीण जातं. भेग पडली की मात्र दोन बाजूंचे ठिपके दुरावतात आणि ते डोळ्याआधी कॅमेऱ्याला कळतं. उघड्यावर वारा तिपाई हलवतो, तापलेल्या हवेत चित्र थरथरतं, पावसात काहीच जमत नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्याही गेल्या. पुराच्या पाण्याखाली पुलाच्या पायाशी काय चाललंय, ते काठावरच्या कुठल्याही कॅमेऱ्याला दिसलं नसतं. तिथे पाणबुडे हवेत, नदीचा तळ मोजणारे हवेत.

पण १४ मार्च २०१९ला मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा पादचारी पूल पडला, त्याचं काय? त्या पुलाचं ऑडिट आधी झालेलं होतं आणि त्यात तो धोकादायक ठरलेला नव्हता. माझा आक्षेप कुणा एका माणसावर नाही, पद्धतीवर आहे. तपासनीस येतो, त्या दिवशी डोळ्यांना दिसतं ते लिहितो आणि जातो. तीन वर्षांनी दुसरा येतो, तोही त्या दिवसाचं लिहितो. दोघांच्या लिहिण्यात जुळवून बघायला सामायिक असं काही नसतं. मास्तरांच्या चेकपुढे मी जसा बसलो होतो, तसेच ते बसलेले असतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि तिला फार पैसेही लागत नाहीत. नवा पूल झाला की उद्घाटनाआधी त्याच्यावर भार ठेवून चाचणी घेण्याची पद्धत आहे. त्याच वेळी तुळयांवर आणि सांध्यांवर कायम टिकणाऱ्या खुणा करा, चांगल्या कॅमेऱ्याने शून्य क्रमांकाचे फोटो घ्या आणि ते कुणालाही बघता येतील असे जपून ठेवा. फीत कापतानाचे शेकडो फोटो निघतात, त्यात तुळईचे दहा निघाले तर बिघडलं कुठे? नवी इमारत ताब्यात घेताना सोसायट्यांनी किल्ल्यांबरोबर खांबांचे फोटो मागून घ्यावेत. ज्या इमारती जुन्या झाल्या त्यांनी आज काढावेत. शून्य चुकलं असेल तर आजचा दिवस शून्य धरावा, पण रंगारी येण्याआधी धरावा.

एक सवय मात्र यंत्र लावणार नाही, ती आपल्यालाच लावून घ्यावी लागेल. वाईट आकडा आला तर तो वहीत तसाच लिहायचा. मी फोटो काढू लागलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मला म्हणाले होते, "साहेब, कशाला उकरताय? फ्लॅटचे भाव पडतील." त्यांची गाडी त्याच कोपऱ्यातल्या खांबाला लागून उभी असायची. खांब दुरुस्त झाल्यावर ते आपणहून खाली आले. परवाच्या रविवारी मला मणक्याच्या दुखण्याने वाकता येईना, तर तिपाई त्यांनी लावली. पाय खुणांवर नीट बसलेत का ते दोनदा वाकून पाहिलं आणि फोटोखाली तारीख त्यांनीच घातली.